कारंजा (घाडगे) मधून नागपूरचा टॉवर नेमका कुठे? दूरच्या रिपीटरची दिशा घरबसल्या अशी काढा

गच्चीवर यागी अँटेना चढला, केबल खोलीत आली, हॅम रेडिओचा सेट टेबलावर आहे. आता अँटेनाचं तोंड कुठे करायचं? बहुतेक जण खिशातून फोन काढतात, कंपास ॲप उघडतात आणि ॲप सांगेल तिकडे पाईप फिरवून मोकळे होतात. सिग्नल आला नाही की दोष अँटेनाला, सेटला, नाहीतर दुकानदाराला.

खरं सांगायचं तर या कामात फोनमधला कंपास हे सगळ्यात कच्चं साधन आहे. त्याच फोनमधला नकाशा मात्र एकदम पक्का आहे. नकाशावर एक रेघ आणि गच्चीवरून दिसणारी एखादी पाण्याची टाकी, एवढ्यावर ७० किलोमीटर दूरच्या टॉवरची दिशा एक-दोन अंशांच्या फरकाने सापडते. एक रुपया खर्च न करता. कशी, ते वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) चं उदाहरण घेऊन बघू. तुमचं गाव दुसरं असेल तर फक्त आकडे बदला.

आधी, रिपीटर म्हणजे कुठला?

हा शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. घरातलं वायफाय मागच्या खोलीत पोचवणारा छोटा डबा, तो वायफाय रिपीटर. मोबाइलचं नेटवर्क वाढवतो म्हणून विकला जाणारा 'बूस्टर', त्यालाही रिपीटर म्हणतात. हा दुसरा प्रकार परस्पर विकत घेऊन घरावर लावणं भारतात बेकायदेशीर आहे. त्याच्यामुळे आसपासच्या टॉवरच्या नेटवर्कमध्ये अडथळा येतो आणि दूरसंचार विभाग असे बूस्टर जप्त करतो. घरी रेंज नसेल तर हा उपाय डोक्यातून काढून टाका.

आपण बोलतोय तो तिसरा, रेडिओ रिपीटर. उंच जागी बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने बोलतं. हॅमच्या दोन मीटर बँडमध्ये, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. हातातला पाच वॅटचा सेट गावापुरता चालतो. तोच आवाज उंचावरच्या रिपीटरने उचलला की शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातल्या माणसाशी बोलता येतं. वादळात लाइट जाते, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात, व्हॉट्सॲप गप्प होतं. अशा वेळी कारची बॅटरी आणि एक सेट एवढ्यावर बाहेरच्या जगाशी बोलता येणं ही लहान गोष्ट नाही.

बोलण्यासाठी लायसन्स लागतं. परीक्षा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगमार्फत होते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून करता येतो आणि वयाची किमान अट १२ वर्षं आहे. म्हणजे शाळेतली मुलंसुद्धा बसू शकतात. ऑनलाइन सेट मिळतो म्हणजे तो वापरायला परवानगी आहे, असं समजू नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स साइट्सवरच्या वॉकीटॉकी विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने. दिशा काढायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. म्हणून लायसन्स यायच्या आधीही हा उद्योग करून ठेवता येतो.

कुठलं कारंजा?

पहिला खड्डा इथेच आहे. नकाशावर नुसतं 'कारंजा' टाइप केलं तर बऱ्याचदा वाशिम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) आधी येतं, कारण ते मोठं आहे आणि गुरुमंदिरामुळे प्रसिद्धही. दोन्ही विदर्भात, दोन्ही तालुक्याची ठिकाणं, आणि त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. उरणजवळ आणखी एक कारंजा आहे, ते वेगळंच.

फरक किती पडतो बघा. कारंजा (घाडगे) मधून नागपूर जवळजवळ बरोबर पूर्वेला, ७० किलोमीटरच्या आसपास. कारंजा (लाड) मधून तेच नागपूर ईशान्येला कललेलं, उत्तरेपासून साधारण ६५ अंशांवर आणि १८० किलोमीटर दूर. म्हणजे दिशेत २५ अंशांची चूक आणि अंतर अडीच पटीहून जास्त. शेजारच्या आष्टीचंही तसंच, एक आष्टी वर्धा जिल्ह्यात आणि एक बीडमध्ये. त्यामुळे गावाचं नाव शोधू नका. नकाशा सॅटेलाइट व्ह्यूमध्ये टाका, नागपूर-अमरावती हायवे पकडा, त्यावरून आपल्या गल्लीपर्यंत या आणि स्वतःच्या गच्चीवर बोट दाबून धरा. पिन पडली की खाली दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश.

ते आकडे कसे वाचायचे यातही एक मेख आहे. २१.१७ म्हणजे २१ अंश १७ मिनिटं नव्हे. ते दशांश आहेत, म्हणजे २१ अंश आणि पुढे १० मिनिटं. ही गल्लत केली तर नकाशावर तुम्ही साडेबारा किलोमीटर उत्तरेला सरकता. कुणी व्हॉट्सॲपवर रिपीटरची जागा पाठवली तर आकडे कुठल्या पद्धतीत आहेत, हे आधी विचारा. आणि शक्य असेल तर तो रिपीटर चालवणाऱ्या क्लबकडूनच जागा घ्या. 'नागपूरचा रिपीटर' म्हणजे तो नागपूर शहरातच असेल असं नाही. रिपीटरला डोंगर आवडतो, शहर नाही.

आकडेमोड, दहावीच्या गणिताची

उदाहरणासाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर धरू, कारण तो नकाशावर पटकन सापडतो. टॉवर साधारण २१.१७ उत्तर, ७९.०६ पूर्व. कारंजा (घाडगे) साधारण २१.१७ उत्तर, ७८.४० पूर्व.

अक्षांश सारखेच आहेत. म्हणजे टॉवर ना उत्तरेला ना दक्षिणेला. रेखांशात फरक ०.६६ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर, तेव्हा अंतर झालं ६८ किलोमीटर आणि दिशा ९० अंश, थेट पूर्व. रेडिओवाले दिशेला बेअरिंग म्हणतात. उत्तर म्हणजे शून्य, तिथून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

हे उदाहरण फारच सोपं निघालं, म्हणून एक तिरकं घेऊ. समजा टॉवर वर्धा शहरात आहे, साधारण २०.७४ उत्तर, ७८.६० पूर्व. अक्षांशात फरक ०.४३ अंश. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून वर्धा आपल्या दक्षिणेला ४८ किलोमीटर. रेखांशात फरक ०.२०, गुणिले १०४, म्हणजे पूर्वेला २१ किलोमीटर. काटकोन त्रिकोण तयार झाला. पायथागोरसने अंतर येतं ५२ किलोमीटर. कोनासाठी फोनचा कॅल्क्युलेटर आडवा करा, टॅनच्या डोक्यावर उणे एक असलेलं बटण दिसेल. २१ भागिले ४८ चं टॅन इन्व्हर्स म्हणजे २४ अंश. दक्षिणेपासून पूर्वेकडे २४ अंश, म्हणून बेअरिंग १८० वजा २४, म्हणजे १५६. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, रेडियनवर नाही ना, तेवढं बघून घ्या.

शंभर किलोमीटरपर्यंत हे साधं गणित पुरतं. पृथ्वी गोल आहे म्हणून पडणारा फरक इथे अंशाच्या लहानशा भागाएवढा असतो. चेन्नईच्या हॅमशी बोलायचं असेल तेव्हा त्याचा विचार करू.

गणित नको असेल तर गुगल मॅप्समध्ये घराची पिन टाकून 'मेजर डिस्टन्स' दाबा आणि क्रॉसचं चिन्ह टॉवरवर न्या. सरळ रेघ आणि अंतर दोन्ही मिळतात. माझ्या मते आकडा काढण्यापेक्षा ही रेघच जास्त कामाची आहे. का, ते पुढे येतंय.

कंपास का नको

फोनमध्ये सुई नसते. एक छोटा चुंबकीय सेन्सर असतो आणि तो आसपासचं सगळं लोखंड ऐकतो. फोनच्या कव्हरला चुंबकाची पट्टी आहे? चुकला. फोन गाडीच्या हँडलवर लावलाय? चुकला. आणि आपण उभे कुठे असतो? स्लॅबवर, ज्याच्या पोटात सळ्यांची जाळी आहे. शेजारी टिनाचं छत आणि हातात अँटेनाचा लोखंडी पाईप. अशा जागी कंपास पाच अंश चुकेल की तीस, ते ॲप सांगत नाही. एक सोपी परीक्षा आहे. फोन हातात धरून गच्चीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चाला, तोंड एकाच दिशेला ठेवून. आकडा बदलला तर त्या कंपासवर विश्वास ठेवू नका.

पुस्तकात आणखी एक भीती घालतात, की चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी असते. अमेरिकेत काही भागांत हा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो, त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंमध्ये त्यावर पाच मिनिटं जातात. आपल्या नागपूर-वर्धा पट्ट्यात तो एक अंशापेक्षाही कमी आहे. विसरून जा.

आता काम कसं करायचं ते. नकाशावरची रेघ घरापासून टॉवरकडे निघते. तिचे पहिले दोन-तीन किलोमीटर झूम करून बघा. रेघ कशावरून जाते? पाण्याची टाकी, देवळाचा कळस, जिनिंग फॅक्टरीचं शेड, मोबाइल टॉवर, शेतातलं एखादं एकटं मोठं झाड. गच्चीवर जा, ती वस्तू डोळ्यांनी शोधा आणि अँटेनाचं तोंड तिच्याकडे करा. संपलं. दोन किलोमीटरवरच्या टाकीत ५० मीटरची चूक झाली तरी दिशेत फक्त दीड अंशाचा फरक पडतो. इथे चुंबक नाही, सेन्सर नाही, बिघडायला काहीच नाही.

रेघेवर नेमकं काही नसेल तर जवळचं काही धरा आणि मुठीने मोजा. हात पूर्ण ताणून डोळ्यासमोर मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. टाकी रेघेच्या एक मूठ डावीकडे असेल तर अँटेना टाकीच्या एक मूठ उजवीकडे.

दाट वस्तीत घर आहे, चारी बाजूंना भिंती आहेत? मग तुमच्या गच्चीचा कठडाच खूण. सॅटेलाइट फोटोत घराची कड स्पष्ट दिसते. नकाशा फिरलेला नाही ना हे बघून स्क्रीनशॉट घ्या आणि कठडा व रेघ यांच्यामधला कोन स्क्रीनवर कोनमापक ठेवून मोजा. कंपास ॲप नको, कंपासपेटी चालेल.

सूर्य आणि शेजाऱ्याची डिश

काढलेली दिशा तपासायला दोन फुकट साधनं आहेत.

एक सूर्य. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर पूर्वेला उगवतो. म्हणजे कारंजा (घाडगे) मधून त्या दिवशी सूर्य अगदी नागपूरच्या टॉवरच्या दिशेने वर येतो. बाकी वर्षभर तो सरकत असतो. आपल्या अक्षांशावर जूनच्या शेवटी ६५ अंशांवर, डिसेंबरच्या शेवटी ११५ अंशांवर. १५ ऑगस्टला साधारण ७५, २६ जानेवारीला ११०. 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे शाळेत ऐकलेलं वाक्य अँटेनासाठी वापरलं तर २५ अंशांपर्यंत चूक होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

दुपारच्या सावलीवरूनही उत्तर काढतात, काठीची सावली सगळ्यात लहान होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण असते. आपल्याकडे तो क्षण बारा वाजता येत नाही. घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि आपण ७८.४ वर आहोत, त्यामुळे तो सरासरी सव्वाबाराला येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या सुमारास तर फेब्रुवारीत साडेबाराच्या आसपास. मे ते जुलैमध्ये मात्र ही पद्धत वापरू नका. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावलीच उरत नाही.

दुसरं साधन म्हणजे डीडी फ्री डिशची छत्री. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे, आणि कारंजाहून तो १४३ अंशांच्या दिशेला दिसतो, म्हणजे आग्नेयेला. चित्र येत असलेली प्रत्येक फ्री डिश दोन-तीन अंशांच्या आत तिकडेच बघत असते, नाहीतर चित्र आलंच नसतं. डिशच्या मागे उभे राहा, तिच्या तोंडाच्या दिशेला बघा, तिथून डावीकडे ५३ अंश वळलात की पूर्व. पाच मुठी आणि थोडं. फक्त ती छत्री फ्री डिशचीच आहे ना हे विचारून घ्या, कारण इतर कंपन्यांचे उपग्रह दुसऱ्या जागी आहेत.

ट्रान्झिस्टरचा खेळ

इथपर्यंत सगळं नकाशावरून झालं. रेडिओ लहरीनेच दिशा सांगावी, असं बघायचं असेल तर घरातला जुना ट्रान्झिस्टर शोधा. हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो.

मिडियम वेव्ह लावा. नागपूरची आकाशवाणी वर्षानुवर्षं ५८५ किलोहर्ट्झवर लागत आली आहे. दिवसा, चांगल्या उजेडात, घराबाहेर मोकळ्यावर रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका स्थितीत आवाज भरदार येतो. तिथून काटकोनात फिरवला की आवाज एकदम पडतो, खरखर वाढते. का? रेडिओच्या आत काळ्या फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे. कांडी केंद्राला आडवी असली की लहर वेढ्यांतून भरपूर जाते. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की जवळजवळ काहीच जात नाही. बहुतेक सेटमध्ये कांडी रेडिओच्या लांबीला समांतर असते. म्हणजे आवाज सगळ्यात कमी झाला की रेडिओची लांब बाजू केंद्राकडे बोट दाखवते.

मोठ्या आवाजाची जागा शोधू नका, ती पसरट असते. पडलेल्या आवाजाची जागा अरुंद आणि नेमकी असते. बोटीवर आणि विमानात दिशा शोधणारी जुनी यंत्रं याच शांत जागेवर चालायची.

यात एक अडचण आहे. कांडीला दोन टोकं आहेत, त्यामुळे नागपूर पूर्वेला की पश्चिमेला ते कळत नाही, फक्त रेघ कळते. पण दुसऱ्या गावाला, समजा आर्वीला, मामाकडे गेल्यावर हाच प्रयोग केला आणि दोन्ही रेघा नकाशावर काढल्या, तर त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे केंद्राचा टॉवर असला पाहिजे. रात्री मात्र करू नका. अंधार पडल्यावर मिडियम वेव्ह आकाशातल्या थरावरून परत खाली येते आणि ती शांत जागा पुसट होते.

हॅमच्या हँडसेटवरही असंच काहीसं जमतं. सेट छातीशी धरून जागेवर गोल फिरा. सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा रिपीटर तुमच्या पाठीमागे असतो, कारण मधे तुमचं शरीर आलं. मोबाइलच्या टॉवरसाठी हे करून बघायला हरकत नाही, पण गावात भिंतींवरून इतके पडसाद येतात की उत्तर दर वेळी वेगळं मिळतं.

दिशा सापडली. पण पोचेल का?

इथे बऱ्याच जणांचे पैसे जातात. दिशा बरोबर असणं आणि सिग्नल पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन मीटर बँडची लहर जवळपास सरळ जाते, पृथ्वी मात्र वाकलेली आहे. ६८ किलोमीटरच्या अंतरात अगदी मधोमध जमीन सुमारे ६८ मीटर फुगलेली असते, आणि हे लहरीचं हवेतलं थोडंसं वाकणं धरूनसुद्धा. हिशोब असा करतात. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. तुमचा अँटेना ९ मीटरवर असेल तर तीन गुणिले ४.१२, म्हणजे १२ किलोमीटर. समोरचा अँटेना १०० मीटरवर असेल तर ४१ किलोमीटर. दोन्हींची बेरीज ५३. अंतर ६८ आहे. कमी पडलं. सपाट जमिनीवर हे अंतर जुळवायला समोरच्याची उंची १८० मीटरपेक्षा जास्त लागेल. म्हणूनच रिपीटर टेकडीवर बसवतात. टॉवरच्या उंचीत टेकडीची उंचीही मिळते.

आणि आपली जमीन सपाट नाही. कारंजा-नागपूर रेघ कोंढाळीच्या बाजूने, चढउताराच्या जंगलपट्ट्यातून जाते. कॉम्प्युटर मिळाला तर गुगल अर्थ प्रोमध्ये हीच रेघ पाथ म्हणून काढा आणि 'एलिव्हेशन प्रोफाइल' उघडा, मधले सगळे चढ दिसतील. तो आलेख पृथ्वीचा फुगवटा दाखवत नाही, ते ६८ मीटर मधल्या भागात मनाने वाढवून बघा.

खर्च करण्याआधीची अजून एक स्वस्त चाचणी एफएम रेडिओवर होते. नागपूरची विविध भारती १००.६ मेगाहर्ट्झवर असते. ही फ्रिक्वेन्सी दोन मीटर बँडच्या बऱ्यापैकी जवळची, त्यामुळे वाट जवळजवळ सारखीच. गच्चीवर, इअरफोनची वायर सरळ लोंबती ठेवून ऐका. एफएम केंद्र किलोवॅटमध्ये बोलतं आणि रिपीटर काही वॅटमध्ये, त्यामुळे एफएम आलं म्हणून रिपीटर येईलच असं नाही. पण गच्चीवर एफएमची खरखरही येत नसेल तर अँटेनावर पैसे टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. ऐकायचं ते दुपारी. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असली की लांबचे सिग्नल पाहुण्यासारखे येतात आणि नऊ-दहा वाजता निघून जातात.

गच्चीवरचं शेवटचं काम

तीन काड्यांच्या यागीचा झोत साधारण ६० अंश रुंद असतो. दहा अंश इकडेतिकडे झालं तर फरक जाणवतसुद्धा नाही. म्हणून दिशेची अति काळजी करू नका, ती डीटीएच डिशला लागते. त्यापेक्षा काड्या उभ्या आहेत का ते बघा. जुन्या टीव्ही अँटेनाच्या काड्या आडव्या असायच्या, तेच चित्र डोक्यात असतं आणि लोक यागीही तसाच आडवा बांधतात. रिपीटरची लहर उभी असते. काड्या आडव्या ठेवल्या तर दिशा अगदी बरोबर असूनही सिग्नल शंभरपट कमी होऊ शकतो.

रिपीटरवर कुणी बोलत असताना अँटेना सावकाश डावीकडे फिरवा, सिग्नल दोन रेघा उतरला की थांबा, खूण करा. मग उजवीकडे तसंच. दोन्ही खुणांच्या बरोबर मधे अँटेना ठेवा. पूर्वी एक जण छतावर आणि एक जण टीव्हीसमोर, 'आलं का? अजून थोडं' असं ओरडत जे चालायचं तेच हे, फक्त पद्धतशीर. मधला बिंदू रेघेपासून बराच लांब निघाला तर समजा की सिग्नल सरळ न येता एखाद्या टेकडीवर आपटून येतोय. तसं असेल तर नकाशापेक्षा सिग्नलचं ऐका.

पाईप उभा करायच्या आधी वर बघा. महावितरणची तार पाईपच्या पूर्ण लांबीच्या दीडपट अंतराच्या आत असेल तर तिथे पाईप उभा करू नका. पडताना तो नेमका तारेवरच पडू शकतो आणि ११ केव्हीला दुसरी संधी नसते. पाईपला अर्थिंग द्या. ढग दाटले की अँटेनाची केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

सगळं जमलं की पाईप आणि क्लॅम्प दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ ऑइल पेंटने मारून ठेवा. मे महिन्यातल्या वावटळीने अँटेना फिरला तर दोन रेघा पुन्हा जुळवल्या की झालं.